म्यूटिनी, बंड आणि कोल्हापूरचे दरवाजे

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करते. तिच्या इंग्रजी पुस्तकात १८५७ ला एका पानावर 'म्यूटिनी' म्हटलंय, पुढच्या पानावर 'रिव्होल्ट' आणि प्रकरणाच्या शेवटी 'अपरायझिंग'. तिनं विचारलं, बाबा, यात फरक काय? मी म्हटलं, सगळ्यांचा अर्थ बंड. हे ऐकून आमचे वडील, वय ८६, ताटावरून उठायच्या बेतात आले. 'बंड काय म्हणतोस? स्वातंत्र्यसमर म्हण!' जेवणं गार झाली. नेमका अर्थ काय, आणि कुठला शब्द कुठे वापरायचा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जेवणं गार झाली याचं वाईट वाटलं, पण प्रश्न कोल्हापुरातून आला याचा आनंद जास्त आहे. या शब्दांतला फरक दाखवायला तुमच्या गावासारखं दुसरं गाव मला तरी सुचत नाही.

दोन तारखा घ्या. पहिली ३१ जुलै १८५७. ऐन पावसाळ्यात, कोल्हापुरात असलेल्या सत्ताविसाव्या देशी पायदळ पलटणीतले काही शिपाई आपल्याच गोऱ्या अधिकाऱ्यांवर उलटले. दुसरी तारीख त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरची. त्या दिवशी कोल्हापूर शहराचे दरवाजे आतून लावून घेतले गेले आणि इंग्रज अंमलाविरुद्ध शहरच उभं राहिलं. दोन्ही प्रसंग कर्नल ली ग्रँड जेकबनं मोडून काढले. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय धरून त्यांना पुढे कराचीला धाडलं, आणि ते तिथंच वारले.

आता मुलीला विचारा, यातली म्यूटिनी कुठली? फक्त जुलैमधली. शिपाई पगारी होते, त्यांनी हुकूम पाळायची शपथ घेतली होती आणि ज्यांचे हुकूम पाळायचे त्यांच्याच विरुद्ध ते उठले. डिसेंबरात दरवाजे लावणारे कुणाच्या पलटणीत नव्हते. त्यांचं ते रिबेलियन किंवा रिव्होल्ट. मराठीत आपण दोन्हींना बिनदिक्कत 'बंड' म्हणतो आणि ते चूक नाही, कारण आपला शब्द ऐसपैस आहे. त्यात रामोशांचं बंड मावतं, पलटणीचं मावतं आणि सुनेनं सासूविरुद्ध केलेलंही. इंग्रजी शब्द मात्र एका खोलीचा आहे. म्यूटिनी म्हणजे लष्करात, आरमारात किंवा जहाजावर, म्हणजे जिथे हुकूम हाच कायदा तिथे, हाताखालच्यांनी मिळून वरच्याचा हुकूम झुगारणं.

'मिळून' हा शब्द मी मुद्दाम घातला. एकट्याची म्यूटिनी होत नाही. एका शिपायानं हुकूम मोडला तर ती हुकूमभंगाची केस. आपल्या १९५७ च्या नौदल कायद्यात म्यूटिनीची व्याख्याच दोन किंवा अधिक जणांच्या एकत्र येण्यापासून सुरू होते. १९५० च्या लष्कर कायद्याचं सदतिसावं कलम तर अजून कडक आहे. बंडात सामील झालेला गुन्हेगार आहेच, शिवाय जो तिथे हजर होता आणि ते मोडायला ज्यानं जिवापाड धडपड केली नाही, तोही गुन्हेगार. शिक्षा मृत्यूपर्यंत जाते. या शब्दाचा वचक एवढा, की १६८९ पासून जवळजवळ १९० वर्षं इंग्लंडची पार्लमेंट सैन्याला शिस्तीत ठेवण्याचा जो कायदा वारंवार मंजूर करत असे, त्याचं नावच 'म्यूटिनी अॅक्ट' होतं. आपल्याकडे एखाद्या कायद्याचं नाव 'फितुरी कायदा' ठेवण्यातला हा प्रकार.

शब्दाचं मूळ मात्र अगदी निरुपद्रवी आहे. लॅटिनमधल्या 'हलणं' या अर्थाच्या धातूपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मोशन, मोटर ही त्याच घरातली भावंडं. आपल्या शब्दांची चालही अशीच आहे. 'चळवळ' चळण्यावरून आली, 'उठाव' उठण्यावरून. जागचं कुणी हललं, की वर बसलेल्याच्या पोटात गोळा येतो, हे दोन्ही भाषांनी ओळखलेलं दिसतं. 'रिबेलियन'मध्ये मात्र लॅटिनमधलं युद्धच आहे, पुन्हा लढाईला उभं राहणं. 'रिव्होल्ट'मध्ये फिरणं आहे, उलटणं. 'पलटण उलटली' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या फार जवळ जातो.

आता तुमच्या वडिलांकडे वळतो. १८५७ ची सुरुवात म्यूटिनीनंच झाली, हे त्यांना मान्य करावं लागेल. मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, ९ मेला सगळ्यांसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटलं. इथवर इंग्रजी शब्द चपखल बसतो. पण पुढे अवधचे तालुकदार आले, शेतकरी आले, झाशीची राणी आली. हे कुणाचे शिपाई होते? खुद्द लंडनमध्ये २७ जुलै १८५७ ला विरोधी पक्षाचा नेता डिझरायली यानं पार्लमेंटात उभं राहून हाच प्रश्न विचारला होता, की ही लष्करी म्यूटिनी आहे की राष्ट्राचं रिव्होल्ट? म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावरचा वाद तिकडे कोल्हापूरची पलटण उठायच्या आधीच सुरू झाला होता.

इंग्रजांनी तरीही 'म्यूटिनी'च धरून ठेवला. त्यात त्यांची सोय होती. म्यूटिनी म्हटलं की भांडण छावणीतलं ठरतं. शिपाई नाठाळ, काडतुसाचं निमित्त, चार अधिकारी गाफील. राज्यकारभार कसा होता हे विचारायची गरजच उरत नाही. दिल्लीच्या टेकडीवर त्यांनी १८६३ मध्ये आपल्या बाजूनं मेलेल्यांचं स्मारक उभारलं, म्यूटिनी मेमोरियल. त्यावरच्या मजकुरात समोरच्या बाजूला 'शत्रू' म्हटलंय. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा, आपल्या सरकारनं जुना मजकूर खोडला नाही. शेजारी नवी पाटी लावली, की ज्यांना इथे शत्रू म्हटलंय ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होत. स्मारकाचं नाव अजितगड केलं. मला ही पद्धत आवडते. पहिला शब्द कुणी लिहिला होता हेही वाचणाऱ्याला दिसतं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. वडिलांचा 'म्यूटिनी'वरचा राग रास्त, 'बंड'वरचा नाही. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके त्या धामधुमीत सापडले. त्यांची हकीकत १९०७ मध्ये छापून आली ती 'बंडाची हकीकत' म्हणूनच, आणि झाशीच्या राणीबद्दल त्यांच्या मनात केवढा आदर होता हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यानंतर दोनच वर्षांत सावरकरांनी 'स्वातंत्र्यसमर' हा शब्द रुजवला आणि 'बंड' एकाएकी हलकं वाटू लागलं. मुलीला परीक्षेत 'उठाव' लिहू द्या, हल्ली पुस्तकांत तोच असतो. वडिलांना 'समर' म्हणू द्या. तुम्ही 'बंड' म्हणा, पण जेवण झाल्यावर.

प्रश्न : १९४६ च्या मुंबईतल्या नौसैनिकांच्या घटनेला कुणी बंड म्हणतं, कुणी उठाव, आणि एका जुन्या कात्रणात मी 'खलाशांचा संप' असंही वाचलं. संप आणि म्यूटिनी यांत जमीन-अस्मानाचा फरक ना? मग एकाच गोष्टीला दोन्ही कसं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचं कात्रण मला हवंय, झेरॉक्स धाडाल का?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझी आई तेव्हा सतरा वर्षांची, परळच्या चाळीत राहणारी. ती शेवटपर्यंत 'बोटवाल्यांचा संप' असंच म्हणायची. 'बोटवाल्यांच्या संपात तुझ्या आजोबांची गिरणी बंद होती आणि आम्ही तीन दिवस गॅलरीत गेलो नाही.' पुढे मी वर्तमानपत्रात उपसंपादक झालो आणि मोठ्या तोऱ्यात तिला दुरुस्त केलं, की आई, त्याला नाविकांचं बंड म्हणतात. ती म्हणाली, 'म्हणत असतील. तेव्हा संप म्हणत होते.'

ती बरोबर होती. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन शिकवणाऱ्या केंद्रात नाविकांनी सकाळचं खाणं नाकारलं. तक्रार निकृष्ट जेवणाची होती आणि अधिकाऱ्याच्या शिवराळ तोंडाची. घोषणा होती, अन्न नाही तर काम नाही. आता ही भाषा कुणाची? गिरणीच्या दारातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती नेमली तिचं नावही 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. त्यांच्या मागण्यांत चांगलं अन्न आणि गोऱ्या नाविकांइतका पगार होता, तशीच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा हेही होतं. नाविक 'स्ट्राइक' म्हणत राहिले. सरकार पहिल्या दिवसापासून 'म्यूटिनी' म्हणत होतं.

कायद्यानं सरकारचं बरोबर होतं. गणवेशातल्या माणसाला संपाचा हक्कच नाही, त्यामुळे त्यानं संप केला की ती म्यूटिनीच. म्हणजे तोच माणूस, तीच थाळी, तोच नकार. अंगावर गिरणीकामगाराचा सदरा असेल तर संप, नाविकाचा असेल तर म्यूटिनी. जमीन-अस्मानाचा म्हणता तो फरक एवढाच.

शब्दांचं एक गमतीदार गणित यात आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कामबंद या अर्थाचा 'स्ट्राइक' हा शब्द इंग्रजीला खलाशांनीच दिला. १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं खाली उतरवली. शीड उतरवणं म्हणजे खलाशांच्या बोलीत 'स्ट्राइक' करणं. म्हणजे १९४६ च्या नाविकांनी उचललेला शब्द मुळात त्यांच्याच धंद्यातला होता. आणि आपला 'संप'? गुजरातीत संप म्हणजे आजही एकी. 'संप त्यां जंप' म्हणतात, एकी तिथे शांतता. मराठीतही आधी हा शब्द एकोप्याचा, मिळून ठरवण्याचा होता, मग कामबंदचा झाला. आता वर सांगितलेली नौदल कायद्यातली व्याख्या पुन्हा बघा, दोन किंवा अधिक जणांचं एकत्र येणं. जुन्या मराठीत त्याचं भाषांतर करायला कुणी बसलं असतं, तर त्यानं 'संप' हाच शब्द लिहिला असता. आईला हे सांगायला हवं होतं. तोवर ती गेली होती.

बाकी हकीकत थोडक्यात. २१ तारखेला फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला, नाविकांनीही उत्तर दिलं. बोटींवरचा शिधा तोडला होता, म्हणून लोक गेटवेवर खाण्याच्या टोपल्या घेऊन आले आणि नाविक लाँचमधून येऊन त्या घेऊन गेले. २२ ला मुंबई बंद. गिरण्या थांबल्या, लष्करी गाड्या रस्त्यावर आल्या, परळमध्ये गोळीबारात कमल दोंदे मारल्या गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली. शेवटच्या निवेदनातही त्यांनी शब्द बदलला नाही, आमचा संप ही राष्ट्राच्या आयुष्यातली ऐतिहासिक घटना आहे, असंच म्हटलं.

तेव्हा, कात्रणातला 'संप' त्यांचा स्वतःचा, 'म्यूटिनी' कोर्टमार्शलच्या कागदांतली आणि 'उठाव' स्वातंत्र्यानंतरचा. मी लिहिताना 'नाविकांचा उठाव' लिहितो, बोलताना आईचा शब्द येतो.

प्रश्न : आमच्या टीमनं सलग तिसऱ्या शनिवारी ऑफिसला यायला नकार दिला. मॅनेजरनं वरच्यांना मेल केला, त्यात लिहिलं 'देअर इज अ म्यूटिनी इन माय टीम'. हे बरोबर इंग्रजी आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इंग्रजी बरोबर आहे, मॅनेजर स्वतःला कॅप्टन समजतो एवढंच. थट्टेनं किंवा त्राग्यानं हा शब्द ऑफिस, क्रिकेटचा संघ, शाळेचं वसतिगृह अशा ठिकाणी सर्रास वापरतात. तुम्ही एकटेच आला नसतात तर मात्र तो शब्द चालला नसता, वर सांगितलंच. आणि तुम्ही नोकरी सोडली असती, तरीही नाही. म्यूटिनी करणारा जहाजावरच राहतो. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याच्या साथीदारांनी कॅप्टन ब्लायला उघड्या होडीत बसवून समुद्रात सोडलं आणि जहाज स्वतःकडे ठेवलं. ब्लाय वल्ही मारत, शीड लावत साडेतीन हजार सागरी मैलांवर तिमोरला पोहोचला, हा भाग तुमच्या मॅनेजरला सांगू नका, हुरूप येईल.

वापराचं म्हणाल तर नाम आणि क्रियापद एकच. 'द क्रू म्यूटिनीड', आणि कुणाविरुद्ध हे सांगायचं तर 'अगेन्स्ट'. करणारा तो 'म्यूटिनियर'. 'म्यूटिनस' हे विशेषण बहुधा कृतीच्या आधीच्या अवस्थेला लावतात. कुजबुज, रोखलेली नजर, ताट ढकलून देणं. मराठीत 'धुसफूस' म्हणतो ती.

हा शब्द एकदा मला महागात पडलाय. रात्रपाळी होती. टेलिप्रिंटरवर बातमी आली, बाहेरच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या परदेशी बोटीवर म्यूटिनी. मी मथळा दिला, 'नौदलात बंड'. डाक आवृत्ती त्या मथळ्यानिशी निघून गेली. वृत्तसंपादकांनी शहर आवृत्तीचं पान हातात घेतलं आणि शांतपणे विचारलं, 'बोटीवर तोफ होती का?' मी बातमी पुन्हा वाचली. मालवाहू बोट होती. मालकानं तीन महिने पगार दिला नव्हता, म्हणून खलाशी नांगर उचलायला तयार नव्हते. 'बंड ठेव,' ते म्हणाले, 'नौदल खोड.' व्यापारी बोटीवरही म्यूटिनी होते, हे मला त्या रात्री कळलं. जळगाव-धुळ्याच्या वाचकांना मात्र नौदलातल्या बंडाची बातमी मिळाली, ती मिळालीच.

प्रश्न : तिकीट न मिळाल्यानं अपक्ष उभा राहिलेला 'बंडखोर उमेदवार' म्हणजे इंग्रजीत 'म्यूटिनियर' का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्याला 'रेबेल' म्हणतात. पक्ष म्हणजे पलटण नव्हे, निदान कागदावर तरी. त्याच्यासाठी मराठी वर्तमानपत्रांनी 'बंडोबा' केला आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत त्याचा 'थंडोबा' होतो, याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही, शोधूही नका. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा बाहेर पडलेल्यांनी 'बंड नाही, उठाव' म्हटलं आणि मागे राहिलेल्यांनी 'गद्दारी'. हा 'गद्दार' आणि 'गदर' दोन्ही अरबीतून आलेले, एकाच मुळाचे, आणि ते मूळ दगाबाजीचं. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या हिंदी क्रांतिकारकांनी 'गदर' हाच शब्द आपल्या पत्राला अभिमानानं लावला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्यांच्यातले. १९१५ च्या मार्चमध्ये ते मेरठच्या छावणीत घोडदळाच्या लाइनीत बॉम्बसह पकडले गेले, त्याच नोव्हेंबरात लाहोरला फाशी गेले. पलटण उठवायला गेले होते, म्हणजे शुद्ध अर्थानं म्यूटिनी घडवायला, पण स्वतः शिपाई नव्हते.

'उठाव' वापरताना मात्र जपून. आमच्याकडे एक नवीन मुलगा इंग्रजी आवृत्तीसाठी बाजारपानाचं भाषांतर करायला बसवला होता. लासलगावच्या बाजारात त्या आठवड्यात मागणी चांगली होती आणि आमच्या बातमीदारानं नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, 'कांद्याला उठाव'. मुलानं टाइप केलं, 'अनियन अपरायझिंग अॅट लासलगाव'.